थोरला, मधला, धाकटा आणि सुनेचा पेपर

सोमवार, ३ तारीख

ताई, तुझी वही शनिवारी हातात पडली आणि रविवारी वाचून संपली. तुझी कंबर कशी आहे? शेकतेस ना? भावोजींचा खोकला गेला का, की अजून झोपेतून उठवतो? थोरल्या जावयाचा हात प्लास्टरमधून सुटला असेल. शेजारणीच्या सासूबाईंना ऑपरेशननंतर दिसायला लागलं का? आणि तुझं ते लंगडं मांजर? एकेकाचं वेगळं लिही. 'सगळे बरे आहेत' असं लिहून मोकळी होऊ नकोस. सगळे म्हणजे कोणीच नाही. लोकांच्या बहिणी पत्रं लिहितात, आपण रोजनिशीच्या वह्या बदलतो, ते या बारकाव्यासाठीच ना?

आता आमच्याकडची तब्येत. ह्यांचा गुडघा जिन्यावर कुरकुरतो, सपाटीवर गप्प असतो. नातीचा पुढचा दात पडला, शीळ घालायला सोय झाली म्हणून ती खूश आहे. मुलगा जहाजावर आहे, फोनवरच्या आवाजावरून बरा वाटतो. सून बरी आहे, निदान तसं म्हणते. थोरला बरा. मधला बरा. धाकट्याचं अंग दुपारी तापतं.

हे शेवटचे तिघे तुला नवे. आमच्या संस्थेने परीक्षेच्या हॉलमधले जुने कॉम्प्युटर मोडीत काढले. आता प्रत्येक टेबलावर पडदा, कीबोर्ड आणि तळहाताएवढी डबी, बस्स. डबीत काही नाही. टेबलांचे खरे कॉम्प्युटर माझ्या खोलीतल्या तीन सर्व्हरांच्या पोटात राहतात. थोरला आणि मधला मिळून दोनशे टेबलं सांभाळतात, धाकट्याकडे परीक्षेचा प्रोग्राम. हॉलमधल्या बाईने एक अक्षर दाबलं की ते तारेतून माझ्या खोलीत येतं, इथे उमटतं आणि त्याचं चित्र परत तिच्या पडद्यावर जातं. पापणी लवायच्या आत गेलं तर कोणाला पत्ता लागत नाही. रेंगाळलं तर बाई पडद्याकडे बघत बसते आणि मग माझ्या नावाने शिमगा.

तू म्हणशील, टायपिस्ट म्हणून लागलेली ही बाई सर्व्हर कधी सांभाळायला लागली? मोडून, जोडून, पुस्तकं चाळून शिकले. माझ्या विद्येला पाया नाही, पण भिंती बऱ्या उभ्या आहेत.

आता मुद्द्याचं. २४ तारखेला परिचारिकांची शेवटची परीक्षा याच हॉलमध्ये आहे आणि आमची सून त्या परीक्षेला बसते आहे. नात झाली तेव्हा सुटलेला अभ्यास तिने इतक्या वर्षांनी उचलला. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी निकालापर्यंत तिच्यासाठी जागा धरून ठेवली आहे. हॉल बंद पडला तर परीक्षा रद्द, पुढची एका वर्षाने, आणि वर्षभर जागा कोण धरून ठेवतं? म्हणजे सुनेचा पेपर माझ्या या तीन पोरांच्या पाठीवर आहे. प्रश्नपत्रिका त्याच दिवशी बाहेरून येते, मला तिचा वासही लागत नाही. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर भावोजी म्हणतील, सासूने पेपर फोडला.

बुधवार, ५ तारीख

आज पहारेकरी बसवला. हा एक प्रोग्राम आहे. ठरावीक वेळाने सर्व्हरला विचारतो, डोक्यावर काम किती, स्मृतीत जागा किती उरली, डिस्क कुठवर भरली. उत्तरांची रेघ माझ्या पडद्यावर उमटते, दवाखान्यातल्या तापाच्या तक्त्यासारखी.

मुळात तो दर पाच मिनिटांनी विचारतो. पाच मिनिटं म्हणजे काय थोडी झाली? तेवढ्यात दूध उतू जातं, पोर पलंगावरून पडतं. मी त्याला सांगितलं, बाबा, दर सेकंदाला विचार. आणि या तिघांनाच कशाला, प्रत्येक टेबलालाही विचार, आणि जे सांगतील ते सगळं धाकट्याकडे लिहून ठेव. आता रेघ अशी अखंड, नाजूक चालते की बघत राहावं.

सुनेला सकाळी विचारलं, किती झालं. दुपारी फोन करून विचारलं, जेवलीस का आणि कितवा धडा. संध्याकाळी विचारलं, डोकं दुखत नाही ना. तिन्ही वेळा 'चाललंय आई, बरं चाललंय' म्हणाली. पोर गुणाची आहे, पण बोलायला कंजूष. मला माझ्या वेळी कोणी विचारलं नव्हतं. म्हणून मी हिच्या बाबतीत कसर ठेवत नाही.

शनिवार, ८ तारीख

बाहेरच्या कंपनीतून चाचणी घेणारी मुलगी आली. वयाने आपल्या लेकींत शोभेल, पण सगळे तिला चाचणीबाई म्हणतात. आल्या आल्या मला काकू म्हणाली आणि तिने चहाला नको म्हटलं नाही, तेव्हा तिथेच आमचं जमलं.

तिचं काम असं. दोनशे खरी माणसं रोज रोज कुठून आणणार? म्हणून ती खोटे परीक्षार्थी तयार करते. प्रोग्रामच, पण माणसासारखे वागणारे. ते आपापलं नाव टाकून टेबल उघडतात, उत्तरं टाइप करतात, मध्येच मागचा प्रश्न बघतात. आधी थोडे सोडायचे, मग वाढवत न्यायचे, आणि सर्व्हर कुठे धापा टाकतो ते बघायचं.

घरी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, यात नवीन काय? ह्यांनी आयुष्यभर लिफ्ट बसवल्या. नव्या लिफ्टमध्ये हे आधी वाळूची पोती भरून वरखाली करायचे, माणसं नंतर. 'तुमची पोती टाइप करतात, एवढाच फरक,' म्हणाले.

खोटे परीक्षार्थी कसे वागवायचे ते चाचणीबाईने मला विचारलं, कारण इतक्या परीक्षा मी डोळ्यांनी पाहिल्या. मी तीन प्रकार सांगितले. एक मख्ख, जो प्रश्न चार वेळा वाचतो. एक धांदरट, जो पडदा हलला नाही की तेच बटण बदाबदा दाबतो. आणि एक भित्रा, जो दर ओळीनंतर उत्तर जतन करतो, पुसतो, पुन्हा लिहितो. तिने हसत हसत तिन्ही तसेच तयार केले.

दुपारी पहिली चाचणी. अर्ध्या टेबलांपर्यंत सगळं लोण्यासारखं. त्याच्या वर गेलो आणि थोरल्याची रेघ छताला टेकली. अक्षर दाबलं की उमटायला एवढा वेळ, की तेवढ्यात मी नाक पुसून घेतलं. चाचणीबाई म्हणाली, पहिल्या दिवशी असं होतंच. मी हो म्हटलं आणि तिला पुन्हा चहा दिला.

मंगळवार, ११ तारीख

दुसरी चाचणी. पहिल्यापेक्षा वाईट. आम्ही तारा तपासल्या, नेटवर्कचं जाळं तपासलं, विषाणू शोधणारा प्रोग्राम थोडा वेळ बंद करून पाहिला. काही नाही. सर्व्हर काय काय करतोय याची यादी असते, तीही चाचणीबाईने वरपासून खालपर्यंत वाचली. सगळं काम 'सिस्टिम' या एकाच नावावर पडलेलं दिसतं. म्हणजे घरात पसारा कोणी केला विचारलं तर 'घराने' असं उत्तर मिळावं.

जाताना तिने विचारलं, काकू, पहारेकरी किती वेळाने विचारतो? मी म्हटलं, नेहमीसारखाच. तिने मान डोलावली.

ती गेल्यावर मला वाटलं, आपलं लक्ष कमी पडतंय. म्हणून प्रत्येक टेबलावर कोणती खिडकी उघडी आहे आणि तिच्यात काय चाललंय, तेही दर सेकंदाला विचारायला लावलं. आता काही चुकायचं नाही.

सून आजकाल गच्चीवर अभ्यासाला जाते. पाण्याच्या टाकीच्या सावलीत सतरंजी टाकते. वारा बरा असतो, म्हणाली. मी एकदा चहा, एकदा दूध आणि एकदा नुसतंच बघायला जाऊन आले. नात म्हणत होती, आई वर गेली की दाराला आतून कडी लावते. वाऱ्याने दार आपटत असेल.

गुरुवार, १३ तारीख

तिसरी चाचणी. आता अर्धीही टेबलं पेलत नाहीत. धाकट्याची डिस्क एवढी भरली की मी घाबरून जुन्या फाइली पुसल्या. चाचणीबाईचा चेहरा उतरला. तिला वाटतंय, तिनेच खोटे परीक्षार्थी अति खोडकर केले. बिचारीने भित्र्यांची संख्या निम्मी केली. तरी तेच.

प्राचार्यबाई येऊन गेल्या. आवाज चढवला नाही, उलट पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या की २१ तारखेपर्यंत हॉल उभा राहिला नाही तर त्यांना परीक्षा पुढे ढकलल्याचं कळवावं लागेल. त्यांनी ओरडलेलं मला परवडलं असतं. मायेने सांगितलेलं जास्त लागतं.

घरी काही बोलले नाही. सुनेला हॉलचं काहीही सांगायचं नाही असं ठरवलंय, तिच्या डोक्याला ताप नको. फक्त विचारलं की मनावर ओझं तर नाही ना. नाही म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, कारण पहिलं 'नाही' जरा घाईचं वाटलं. दुसरंही घाईचंच होतं. पुस्तक उलटं धरलं होतं तिने, ताई. मी सरळ करून दिलं.

हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, 'अति तिथे माती.' मी विचारलं, कुठे काय अति झालं? म्हणाले, बातमी वाचतोय.

शनिवार, १५ तारीख

सुनेची तब्येत मला ठीक दिसत नाही. काल सराव परीक्षेत साध्या प्रश्नांना अडखळली, असं तिच्या मैत्रिणीकडून कळलं. अडखळली कशी? औषधाची मात्रा काढायचं गणित तर मागच्या महिन्यात तिने मला शिकवलं होतं. मी तिला जवळ घेऊन विचारलं की तुला नक्की काय होतंय ते एकदा सांग. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू काही सांगणार, पण मग 'काही नाही आई' म्हणून कपडे वाळत घालायला गेली. ओले कपडे नव्हतेच. वाळलेलेच पुन्हा दोरीवर टाकत होती.

मी विचार केला आणि कारण सापडलं. खुर्ची. ती जेवणाच्या टेबलाच्या लाकडी खुर्चीत बसते, पाठ अवघडते, पाठ अवघडली की डोकं चालत नाही. आज बाजारात जाऊन पाठीला टेकू असलेली, चाकाची खुर्ची सांगून आले. बुधवारी घरी आणून देतात.

सोमवार, १७ तारीख

चौथी चाचणी. लिहिण्यासारखं नाही. चाचणीबाई माझ्याशेजारी बसून सफरचंद खात होती आणि आम्ही दोघी पडद्याकडे बघत होतो, आजाऱ्याच्या उशाशी बसतात तशा. ती म्हणाली, काकू, याला काहीतरी आतून खातंय. मी म्हटलं, डोळ्यांत तेल घालून बसते, सापडेलच.

बुधवार, १९ तारीख

ह्यांच्या गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, दिवस मोडला. निघण्याआधी पहारेकरी बंद केला. माझ्या माघारी कोणी त्याच्यात बोट घालायला नको. चाचणीबाईला सांगितलं की तुला हवी तर चाचणी घे, पण मी नाही तर जपून.

दिवसभर जीव टांगणीला. डॉक्टरांच्या बाकावरून संस्थेत फोन करावासा वाटला, पण माझा फोन ह्यांच्या खिशात होता आणि हे आत तपासायला गेलेले. बाहेर आल्यावर म्हणाले, बॅटरी संपली. घरी आल्यावर पाहिलं तर बॅटरी अर्धी होती. फोनही म्हातारे झाले की काहीबाही सांगतात.

घरी आले तर खुर्ची आलेली आणि सून पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, खुर्चीत बसून लिहीत होती. आम्ही आलो हेही तिला कळलं नाही. नात म्हणाली, आई सकाळपासून इथेच आहे, गच्चीवर गेलीच नाही. टेबलावर सोडवलेल्या गणितांचे कागद पसरले होते. जेवताना दोनदा हसली. ताई, खुर्चीवरचा पैसा कधी वाया जात नाही.

गुरुवार, २० तारीख

आज माझा अपमान झाला आणि मी अजून हसते आहे.

सकाळी खोलीत पाय ठेवला तर चाचणीबाई नाचायची बाकी. काल माझ्या माघारी तिने दोनशे खोटे परीक्षार्थी सोडले, भित्रे सगळे परत घेतले, धांदरटही वाढवले, आणि तिघांनी ते हूं की चूं न करता पेललं. दोनदा चाचणी घेतली, दोन्ही वेळा तेच. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो नंतर. आधी वाटलं, बघा, मी नसताना बरी चालली गाडी. इतके दिवस उशाशी बसले त्याचं हे फळ.

ती म्हणाली, पुन्हा एकदा घेऊ. मी पहारेकरी चालू केला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, हं, सोड. तिने सोडले. थोरल्याची रेघ भिंतीवर पाल चढावी तशी सरळ वर गेली. मग तिने हळूच सांगितलं, काकू, पहारेकरी बंद करा. बंद केला. रेघ तर आता दिसत नव्हती, पण तिच्या पडद्यावर अक्षरं भराभर उमटायला लागली. चालू केला, अक्षरं अडली. बंद केला, सुटली. चौथ्या वेळेला तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

'काकू, हा किती वेळाने विचारतो?'

'दर सेकंदाला.'

'कोणाला?'

'सगळ्यांना.'

'प्रत्येक टेबलाला? आणि काय विचारतो?'

'तब्येत,' मी म्हटलं. 'आणि कोणती खिडकी उघडी आहे. आणि तिच्यात काय चाललंय.'

तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाली, 'काकू, त्यांचा अर्धा जीव तुम्हाला बरं आहे म्हणून सांगण्यात जातोय. कामाला उरतो कुठे?'

मला कळायला एक क्षण लागला. दोनशे टेबलं, प्रत्येकाने दर सेकंदाला हातातलं काम टाकायचं, आपली नाडी आपणच मोजायची, धाकट्याला कळवायची, आणि धाकट्याने सगळ्यांची लिहून ठेवायची. चाचणी पडली की मी आणखी विचारायला लावलं. मग ती आणखी पडली. आणि हे सगळं 'सिस्टिम'च्या नावावर दिसत होतं, म्हणून त्या पोरीला सापडलं नाही. मी 'नेहमीसारखाच' म्हटलं तेव्हा तिला पाच मिनिटं वाटली. माझ्या नेहमीचं तिला काय माहीत? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसाच मी होते.

ती माफी मागायला लागली, आधी नीट विचारायला हवं होतं म्हणून. मी म्हटलं, तू माफी मागितलीस तर मला बिस्किटं आणावी लागतील. मग दोघींनी मिळून पहारेकऱ्याला पाच मिनिटांवर आणलं, टेबलांची चौकशी बंद केली, फक्त तिघांना विचारायचं ठेवलं. दोनशे सोडले. रेघ टेकडीसारखी चढली आणि टेकडीसारखीच उतरली. प्राचार्यबाईंना कळवलं. त्या नुसत्याच खाली बसल्या.

घरी जेवताना सगळं रंगवून सांगितलं. ह्यांना ठसका लागला. हसून हसून डोळ्यांतून पाणी. सुनेने मान खाली घातली होती, पण खांदे हलत होते. 'अर्धा जीव बरं आहे सांगण्यात,' हे पुन्हा म्हणाले आणि पुन्हा ठसका. गोष्ट मजेची आहे, मान्य, पण एवढी? मला तर थोडी लाजच वाटत होती.

शुक्रवार, २१ तारीख

डॉक्टरांनी ह्यांना रोज संध्याकाळी तासभर चालायला सांगितलंय म्हणे, आणि तेही एकट्याने नाही, सोबत हवी. मला हे दवाखान्यात ऐकू आलं नाही. मी औषधं घ्यायला गेले होते तेव्हा सांगितलं असेल. ज्या माणसाने कोपऱ्यावरच्या दुकानात जायला आयुष्यभर कंटाळा केला, तो आज चपला घालून दारात उभा. नेमकी सून अभ्यासाला बसते ती वेळ. मी म्हटलं, तिला एकदा विचारून निघू, काही हवं का. हे म्हणाले, गुडघा आखडतोय, आत्ताच निघायला हवं.

फिरून आलो तेव्हा सून गुणगुणत होती. खुर्ची हलवून तिने दिवा डाव्या हाताला घेतला होता.

रविवार, २३ तारीख

काल संस्थेतल्याच सगळ्यांना, लिपिक, शिपाई, शिक्षक, हॉलमध्ये बसवून खरी तालीम घेतली. माणसं खोट्यांपेक्षा वाईट वागतात. एकाने कीबोर्डवर डबा ठेवून डुलकी घेतली आणि टेकलेल्या बटणाने त्याची चार पानं एकाच अक्षराने भरली. तरी तिघे डगमगले नाहीत. संध्याकाळी ह्यांनी मला टेकडीपर्यंत चालवलं. पाय माझे दुखताहेत, गुडघा ह्यांचा बरा होतोय.

उद्या पेपर. सून लवकर झोपली. तिला काही सांगायला गेले तर दिवा मालवलेला होता, म्हणून परत फिरले.

सोमवार, २४ तारीख

सगळं क्रमाने लिहिते.

मला सून उठायच्या आधीच संस्थेत जावं लागलं, त्यामुळे तिची भेट झाली नाही, काही विचारताही आलं नाही. मन खात होतं. चाचणीबाई हॉलमध्ये उभी राहणार होती, मी खोलीत एकटी. पेपरची वेळ झाली आणि दोनशे जणी एकदम आत शिरल्या. हॉलमध्ये त्यांची टेबलं उघडत होती आणि इकडे थोरल्याचे पंखे घोंघावायला लागले. पहारेकऱ्याने आकडा आणला. शंभरात नव्वदच्या वर.

आणि पुढचा आकडा पाच मिनिटांनी.

ताई, बाळंतपणात बाहेर बसलेल्या बाईसारखी माझी गत. आत काय चाललंय कळत नाही आणि दार ठोठावायचं नाही. हात आपोआप माऊसवर गेला. एकदाच विचारावं, एकाच सेकंदाला, फक्त थोरल्याला, फक्त कसा आहेस एवढंच. बोट बटणावर होतं. हॉलमध्ये त्या क्षणी आमची पोर पहिला प्रश्न उघडत असेल, असं डोळ्यांसमोर आलं. माझ्या एका विचारण्याने तिचं अक्षर अडलं तर? मी माऊस उपडा करून ठेवला, दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि भिंतीवरच्या आगीच्या सूचना वाचत बसले. त्या मला आता पाठ आहेत.

दुसरा आकडा आला तेव्हा चाळिशीत होता. तिसरा त्याहून खाली. त्यानंतर दिवसभर तो तिथेच राहिला, सपाटीवरच्या गुडघ्यासारखा. एका टेबलाचा पडदा काळा झाला होता, चाचणीबाईने त्या बाईला शेजारच्या टेबलावर बसवलं, तर तिचं अर्धवट वाक्य तिथे जसंच्या तसं उघडलं. ती बाई म्हणाली म्हणे, अगंबाई, हे माझ्यामागून चालत आलं. चालत कुठलं, ते माझ्याचजवळ होतं.

पेपर सुटला. मी जागेवरून हलू शकत नव्हते, सगळ्यांची उत्तरं धाकट्याकडून बाहेर पाठवायची होती आणि प्राचार्यबाई फोनवर एकेक आकडा विचारत होत्या. तेवढ्यात सून दारात आली. मी हातानेच तिला बस म्हटलं, कानाला फोन, डोळे पडद्यावर. तोंडातून शब्द काढायला फुरसत नव्हती. आणि ती बोलायला लागली. चाचणीबाईची रिकामी खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली आणि पहिल्या प्रश्नापासून सांगत सुटली. कुठला सोपा, कुठल्यात फसवायला बघितलं होतं, मात्रेचं गणित कसं आलं, आधी चुकीचं उत्तर लिहून पुसलं, भाजलेल्या रुग्णाच्या प्रश्नावर कसा जीव वर आला आणि कसा खाली आला. मी फोनवर हो, हो करत होते आणि दुसऱ्या कानाने तिचं ऐकत होते. फोन संपला तरी ती थांबली नाही. शेवटी म्हणाली, 'आई, भीती मला पहिल्यापासूनच वाटत होती. आज वाटली, पण हात चालला.'

मी चकित झाले. भीती? मला तर रोज 'बरं चाललंय' म्हणायची. आणि आज मी एक अक्षर विचारलं नव्हतं. तिच्या बोलण्यात मध्ये काही घालावं असं मनात आलं, पण तिचा चेहरा इतका मोकळा होता की मी नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. चाचणीबाई आली, तिने दारातून बघितलं आणि परत गेली.

पुढच्या महिन्याची ५ तारीख, शनिवार

निकाल लागला. आमची पोर पास झाली, तेही चांगल्या गुणांनी. समोरच्या डॉक्टरीणबाई स्वतः जिना चढून आल्या आणि सोमवारपासून ये म्हणाल्या. ह्यांनी टाळ्या वाजवल्या. नातीने दात नसलेल्या जागेतून शीळ घातली. मुलाला जहाजावर कळवलं, त्याला फोनवर रडू आलं आणि त्याने ते खोकला म्हणून खपवलं.

प्राचार्यबाईंनी मला आणि चाचणीबाईला पुढच्या वर्षी दुसऱ्या संस्थांचे सर्व्हर तपासायला पाठवायचं ठरवलंय. या वयात नवा धंदा. चाचणीबाई म्हणते, सुरुवातीलाच सगळ्यांना विचारायचा प्रश्न तिच्या यादीत आता पहिला आहे: पहारेकरी किती वेळाने विचारतो. मी ह्यांना म्हटलं की सुनेच्या यशात त्या खुर्चीचा मोठा वाटा आहे, तुमचा विश्वास बसत नसेल तर बसून बघा. हे गंभीरपणे म्हणाले की खुर्चीचा आहे, चालण्याचा आहे आणि तुझाही आहे. गुडघा आता एकदम ठणठणीत आहे, तरी रोजचं फिरणं सोडायचं नाही म्हणतात. मलाही आता त्याची गोडी लागली आहे.

वहीचं हे शेवटचं पान. आज टपालात टाकणार होते, पण सून येऊन म्हणाली, मावशींना मलाही चार ओळी लिहायच्या आहेत, खाली जागा ठेवा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काय लिहिणार आहेस म्हणून विचारलं तर हसून म्हणाली, 'लिहून झालं की दाखवीन आई.' म्हणून मी इथेच थांबते आणि उरलेली जागा तिची. तिला उत्तर तू वेगळं लिही, तिच्याच नावाने, आणि ताई, वही भरायची वाट बघू नकोस. अर्धी झाली असेल तर अर्धीच पाठव, पण लवकर पाठव.